ब्रेगे नावाचा घड्याळजी

मागच्या वर्षी सबमिशनच्या आठवड्यात माझं घड्याळ बंद पडलं. तसं काही आभाळ कोसळलं नाही. वेळ बघायला खिशात मोबाईल होताच. पण हे घड्याळ वडिलांचं. एचएमटीचं, सतरा ज्वेलचं, रोज हातानं चावी द्यायचं. 2001 साली मी याच कॉलेजला ॲडमिशन घेऊन हॉस्टेलवर राहायला निघालो, तेव्हा एसटी स्टँडवर निरोप देताना त्यांनी ते मनगटावरून काढून माझ्या हातात दिलं होतं. पुढे शिकून मी इथंच नोकरीला लागलो. वडील गेले. घड्याळ राहिलं.

गावातल्या एका जुन्या घड्याळजीकाकांकडे ते घेऊन गेलो. काकांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं आणि काही न बोलता झाकण उलटं करून भिंगासकट माझ्यापुढे धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेले बारीक आकडे होते. 1986. 1990. 1995. 1999. जुने घड्याळजी सर्व्हिसिंग केलं की अशी खूण करून ठेवतात. नंतर जो कोणी उघडेल त्याला कळावं म्हणून. 1999 च्या पुढे सगळी जागा कोरी.

म्हणजे वडिलांनी दर चार-पाच वर्षांनी घड्याळ साफ करून घेतलं होतं आणि माझ्याकडे आल्यापासून एकदाही नाही. आणि मी कोण? तर मेंटेनन्सचं लॉगबुक भरलं नाही म्हणून मुलांची जर्नल परत देणारा माणूस!

घड्याळ दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत अपराधी वाटून म्हणा किंवा उत्सुकतेनं म्हणा, मी घड्याळांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. त्यात हा माणूस भेटला, अब्राम-लुई ब्रेगे. आपल्या मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात त्याचं नाव कुठे येत नाही. यायला हवं होतं असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

ब्रेगेचा जन्म 10 जानेवारी 1747 चा, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा. तो दहा-अकरा वर्षांचा असताना वडील वारले. आईनं दुसरं लग्न केलं ते घड्याळांच्या धंद्यातल्या माणसाशी. सावत्र वडिलांनी पोराला याच कामाला लावलं आणि 1762 साली, म्हणजे पंधराव्या वर्षी, तो फ्रान्समध्ये आला. व्हर्सायला उमेदवारी करायची आणि संध्याकाळी पॅरिसच्या कॉलेज माझारँमध्ये गणिताच्या वर्गाला बसायचं, असा त्याचा दिनक्रम. तिथे गणित शिकवणारे ॲबे मारी हे पाद्री. त्यांनी या मुलाची हुशारी ओळखली आणि पुढे मोठमोठ्या लोकांत त्याची ओळखही करून दिली. हातात फाईल आणि डोक्यात भूमिती असा कारागीर त्या काळी दुर्मीळच. ब्रेगेचं सगळं वेगळेपण या जोडीत आहे.

1775 साली त्यानं लग्न केलं आणि पॅरिसमध्ये सेन नदीच्या बेटावर, के द लॉर्लोज या रस्त्यावर दुकान थाटलं. या नावाचा अर्थच मुळी घड्याळाचा धक्का. जवळच्या जुन्या राजवाड्याच्या बुरुजावर शहरातलं पहिलं सार्वजनिक घड्याळ होतं, त्यावरून पडलेलं नाव. पुढच्या वर्षी मुलगा झाला. पण 1780 मध्ये बायको गेली. ब्रेगे तेहेतीस वर्षांचा, पदरात चार वर्षांचं पोर. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. उरलेलं आयुष्य त्या कामाच्या टेबलाशीच गेलं.

आता तो काळ डोळ्यांसमोर आणा. घड्याळ म्हणजे खिशात ठेवायचं, साखळीचं, श्रीमंतांचं. दिसायला सुंदर, पण नाजूक. रोज छोट्या किल्लीनं चावी द्यायची. हातून पडलं की आतली आस मोडणार. तेल वनस्पतींचं नाहीतर प्राण्यांच्या चरबीचं. ते हवेनं हळूहळू घट्ट होणार आणि घड्याळ मागं पडत जाणार. बाकीचे कारागीर डबीवर नक्षी काढत होते तेव्हा ब्रेगे या दुखण्यांमागे लागला. घड्याळ वापरणारा माणूस विसराळू असणार, ते पाडणार, वर्षानुवर्षं साफ करणार नाही, हे त्यानं गृहीतच धरलं. माझ्यासारख्या माणसाचा विचार त्यानं सव्वादोनशे वर्षांपूर्वी करून ठेवला होता असंच म्हणायला हवं.

पहिलं दुखणं चावीचं. चालता चालता शरीराला जे हेलकावे बसतात, त्यांनी आतलं एक वजन वर-खाली व्हायचं आणि मुख्य स्प्रिंग आपोआप गुंडाळली जायची, अशी घड्याळं त्यानं 1780 च्या सुमाराला बनवली. ही कल्पना मूळची त्याची नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये पेरले नावाच्या कारागिरानं थोडं आधी तसं केलं होतं. पण भरवशानं चालणारी अशी घड्याळं गिऱ्हाइकांच्या खिशात पोचवली ती ब्रेगेनं. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिनं असं घड्याळ घेतलं आणि दरबारात त्याचं नाव झालं.

दुसरं दुखणं पडण्याचं. घड्याळाचा जीव बॅलन्स व्हीलमध्ये असतो. ते चाक एका आसेवर डावी-उजवीकडे झुलतं आणि त्या आसेची टोकं फार बारीक ठेवावी लागतात, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. कारण घर्षण कमी हवं. टोक जितकं बारीक तितकं घर्षण कमी आणि तितकंच मोडायला सोपं. हा पेच डिझाईन शिकणाऱ्याला नवा नाही. ब्रेगेनं टोकं जाड करण्याचा सोपा मार्ग घेतला नाही. त्यानं टोकांना शंकूचा आकार दिला आणि ज्या रत्नावर ते टेकतं ते रत्न एका छोट्या पट्टी-स्प्रिंगवर बसवलं. धक्का बसला की रत्न किंचित मागं सरकतं, धक्का स्प्रिंग खाते, आणि आस पुन्हा आपल्या जागी येते. हे 1790 च्या सुमाराचं. या युक्तीला त्यानं पॅराशूट असं नाव दिलं, म्हणजे पडण्यापासून वाचवणारा. एका मेजवानीत त्यानं आपलं घड्याळ सगळ्यांदेखत जमिनीवर फेकलं आणि ते चालतच राहिलं, अशी एक गोष्टही सांगतात.

आता तुमच्या घरी आजोबांचं जुनं एचएमटी असेल तर त्याची तबकडी बघा. बऱ्याच घड्याळांवर बारीक अक्षरात पॅराशॉक लिहिलेलं सापडेल. एचएमटीनं 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीबरोबर बंगळूरला घड्याळांचा कारखाना सुरू केला, त्या घराण्याची ही धक्का सोसायची व्यवस्था. 1930 च्या दशकात अशा व्यवस्था मनगटी घड्याळांत सर्रास येऊ लागल्या. रचना वेगळी, पण मूळ विचार तोच, बेअरिंगलाच थोडं हलू द्यायचा. हॉस्टेलच्या कॉटवरून माझं घड्याळ किती वेळा खाली पडलं असेल याचा हिशेब नाही. तरी आस शाबूत राहिली ती यामुळे.

तिसरं दुखणं तेलाचं. हे सगळ्यात अवघड, कारण इथे प्रश्न यंत्राचा कमी आणि रसायनाचा जास्त. तेल वाईट म्हणून रडत बसण्यापेक्षा ब्रेगेनं उलटा विचार केला. जिथे शक्य तिथे तेलाची गरजच कमी करायची. झिजणाऱ्या ठिकाणी त्यानं माणिक वापरलं. चाकाला ठोके देणाऱ्या भागाची, म्हणजे एस्केपमेंटची, त्यानं अशी रचना करून पाहिली की दाते घासत जाण्याऐवजी सरळ ढकलतील आणि तिथे तेल लागणारच नाही. ती रचना पूर्ण यशस्वी झाली नाही, कारण तितके अचूक दाते पाडणं त्या काळात फार कठीण होतं. पण प्रश्न कुठे आहे हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. आजही चांगल्या यांत्रिक घड्याळाला दर काही वर्षांनी उघडावं लागतं त्याचं मुख्य कारण तेलच आहे.

अशी गाडी रुळावर असताना 1789 ची राज्यक्रांती आली. ब्रेगेची गिऱ्हाइकं कोण? राजा, राणी, सरदार. त्यांची डोकी उडायला लागली. स्वतः ब्रेगे सुधारणावादी विचारांचा होता आणि क्रांतीतला जहाल पुढारी मारा त्याचा जुना मित्र, तोही न्यूशातेल भागातला. एकदा चिडलेल्या जमावातून ब्रेगेनं माराला म्हातारीचा वेष देऊन बाहेर काढलं आणि पुढे मारानं त्या उपकाराची फेड केली, असं सांगितलं जातं. गोष्ट तंतोतंत खरी असो नसो, 1793 साली ब्रेगेला देश सोडायचा परवाना मिळाला आणि तो स्वित्झर्लंडला निसटला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राणीला गिलोटीनवर चढवलं गेलं.

या राणीसाठी 1783 मध्ये कुणीतरी ब्रेगेकडे एक घड्याळ मागवलं होतं. त्या काळी माहीत असलेली प्रत्येक करामत त्यात हवी, पैशाची आणि वेळेची मर्यादा नाही, अशी ऑर्डर. क्रमांक 160. राणी गेली, क्रांती झाली, नेपोलियन आला आणि गेला, खुद्द ब्रेगेही गेला आणि मग 1827 मध्ये ते पूर्ण झालं. चव्वेचाळीस वर्षं! आपल्या मुलांनी प्रोजेक्टच्या मुदतवाढीसाठी हा दाखला देऊ नये एवढीच विनंती. पुढे ते घड्याळ जेरुसलेमच्या संग्रहालयातून 1983 मध्ये चोरीला गेलं आणि वीसेक वर्षांनी परत सापडलं.

1795 मध्ये ब्रेगे पॅरिसला परतला तेव्हा कारखान्याची धूळधाण झाली होती. वय अठ्ठेचाळीस. जुनी गिऱ्हाइकं मेलेली किंवा पळालेली. मला त्याच्या आयुष्यातला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. कारण इथून पुढे त्यानं जे केलं ते आधीच्यापेक्षा सरस आहे. त्याच सुमाराला त्यानं हेअरस्प्रिंगचं शेवटचं वेटोळं वर उचलून आत वळवलं. त्यामुळे ती नाजूक स्प्रिंग सगळ्या बाजूंनी सारखी उघडू-मिटू लागली आणि घड्याळ अचूक झालं. या वळणाला आजही ब्रेगेचंच नाव आहे.

मग त्यानं एक साधं घड्याळ काढलं. मोठं, एकाच काट्याचं, आत कमीत कमी भाग. किमतीचा चौथा भाग आधी भरायचा, बाकी घड्याळ हातात आल्यावर. त्या आगाऊ पैशांवर कारखाना पुन्हा उभा राहिला. रचना इतकी सोपी की ते उघडणं, साफ करणं, दुरुस्त करणं सोपं जावं. राजाराण्यांसाठी चमत्कार बनवणाऱ्या माणसानं पन्नाशीच्या उंबरठ्यावर इतकं साधं यंत्र काढणं याला मन मोठं लागतं.

1801 मध्ये त्यानं त्याच्या सर्वांत गाजलेल्या शोधाचं पेटंट घेतलं, टूरबियाँ. खिशातलं घड्याळ दिवसभर उभं असतं. बॅलन्स व्हीलचा गुरुत्वमध्य केसभर जरी बाजूला असला तरी गुरुत्वाकर्षणानं घड्याळ एका स्थितीत पुढे आणि उलट स्थितीत मागे पडतं. ही चूक शंभर टक्के काढता येत नाही. ब्रेगेनं काय करावं? बॅलन्स आणि एस्केपमेंट हे दोन्ही एका पिंजऱ्यात घालून तो पिंजराच फिरता ठेवला. साधारण मिनिटाला एक फेरी. मग पुढे पडणं आणि मागे पडणं एकमेकांना खाऊन टाकतात. चूक काढता येत नसेल तर तिची सरासरी शून्य करा, हा धडा इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी वहीत लिहून ठेवावा. मनगटावरचं घड्याळ तसंही सारखं स्थिती बदलत असतं, त्यामुळे तिथे टूरबियाँची गरज फारशी उरत नाही. आज ते कौशल्य आणि श्रीमंती दाखवायला बसवतात.

ब्रेगे माणूस म्हणूनही भला असावा. लंडनचा घड्याळजी जॉन अर्नोल्ड हा खरं तर त्याचा प्रतिस्पर्धी. पण दोघांनी एकमेकांची मुलं एकमेकांकडे शिकायला पाठवली. अर्नोल्ड 1799 मध्ये वारला. 1808 मध्ये ब्रेगेनं अर्नोल्डच्याच एका क्रोनोमीटरमध्ये आपलं टूरबियाँ बसवलं आणि मित्राची आठवण म्हणून ते त्याच्या मुलाला भेट दिलं. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आता मनगटी घड्याळाकडे येतो. 8 जून 1810 रोजी नेपोलियनची धाकटी बहीण, नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिनं ब्रेगेकडे मनगटावर बांधायचं घड्याळ मागवलं. क्रमांक 2639. लांबट आकाराचं, वेळ ठोक्यांनी सांगणारं, चंद्रकला दाखवणारं, तापमापक असलेलं, आणि पट्टा केसांत सोन्याचा धागा गुंफून केलेला. ते 1812 मध्ये पूर्ण झालं. मनगटासाठी म्हणून मुद्दाम बनवलेल्या सगळ्यात पहिल्या घड्याळांत त्याची गणना होते. पुरुषांच्या मनगटावर घड्याळ रुळायला मात्र पहिलं महायुद्ध उजाडावं लागलं.

गंमत अशी की हे घड्याळ आज कुठेच नाही. कुणी पाहिलेलं नाही, त्याचं चित्रही नाही. मग एवढं सगळं कळलं कसं? ब्रेगेच्या दुकानाच्या वह्यांमुळे. प्रत्येक घड्याळाला क्रमांक, कुणी मागवलं, कधी दिलं आणि दुरुस्तीला परत आलं तर काय केलं, याची नोंद. 1849 मध्ये राणीची मुलगी हे घड्याळ दुरुस्तीला घेऊन आली. तेव्हा ब्रेगेला जाऊन सव्वीस वर्षं झाली होती, पण वही चालूच होती. आसेची टोकं पुन्हा घासून चकचकीत केली, तापमापक जुळवला, ठोक्यांची यंत्रणा दुरुस्त केली, सगळे भाग साफ करून घड्याळ लावून दिलं, असं त्यात लिहिलं आहे. 1855 मध्ये ते आणखी एकदा आलं. त्यानंतर त्याचा पत्ता नाही. इतिहासातल्या इतक्या महत्त्वाच्या घड्याळाचा पुरावा म्हणजे ऑर्डरची वही आणि मेंटेनन्सचं लॉगबुक!

ब्रेगेला शेवटी सगळे मान मिळाले. फ्रेंच नौदलाचा अधिकृत क्रोनोमीटरकार, 1816 मध्ये विज्ञान अकादमीचं सदस्यत्व, 1819 मध्ये लिजन ऑफ ऑनर. 17 सप्टेंबर 1823 रोजी शहात्तराव्या वर्षी तो पॅरिसमध्ये वारला. त्याच्या पणतूच्या मुलानं, लुई ब्रेगेनं, पुढे विमानं बनवली.

वहीची ही हकीकत वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. सारखं ते झाकण आठवत होतं. वडील काही इंजिनीअर नव्हते. पण त्यांच्या घड्याळाची वही त्यांनी चोख ठेवली होती आणि ती माझ्या हातात बंद पडली.

तीन आठवड्यांनी काकांकडे गेलो. सगळे भाग सुटे करून पेट्रोलमध्ये धुतले होते. जुनं तेल डिंकासारखं झालेलं, आणि कोरड्या बेअरिंगमध्ये चालून चालून आसेचं एक टोक झिजलेलं. धक्क्यांनी न मोडलेली आस माझ्या आळसानं झिजवली. अशा घड्याळाचे सेकंदाला पाच ठोके, म्हणजे दिवसाला 4,32,000. तेल नसताना प्रत्येक ठोका थोडं थोडं खात असतो. एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला. त्यामुळे नवी आस मिळणं सोपं नव्हतं. काकांनी दुसऱ्या एका बंद घड्याळातली काढून बसवली.

काकांनी जे नियम सांगितले ते ज्यांच्याकडे चावीचं घड्याळ आहे त्यांच्यासाठी देतो. चावी रोज एकाच वेळी, सकाळी, घड्याळ हातातून काढून द्यायची. मनगटावर असताना दिली की चावीच्या दांडीवर आडवा जोर येतो. चावी अडली की थांबायचं. आंघोळीला आणि कपडे धुताना घड्याळ बाजूला, कारण जुनं रबर पाणी अडवत नाही. स्पीकरवर, मोटारीजवळ किंवा वर्कशॉपमधल्या मॅग्नेटिक चकजवळ ठेवायचं नाही. हेअरस्प्रिंगची वेटोळी चुंबकत्वानं एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पिसाट पुढे पळतं. आणि बरं चालत असलं तरी चार-पाच वर्षांनी उघडून घ्यायचं. तेल आटल्याचं घड्याळ लगेच सांगत नाही. ते जेव्हा सांगतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आता घड्याळ दिवसाला साधारण अर्धा मिनिट पुढे जातं. दिवसाचे 86,400 सेकंद धरले तर चूक 0.035 टक्के. पन्नाशीकडे झुकलेल्या यंत्राला एवढी चूक माफ आहे.

पैसे देण्याआधी मी काकांना झाकण पुन्हा उघडायला लावलं. त्यांनी सुई घेतली आणि 1999 च्या खाली, थोडी जागा सोडून, नवीन साल कोरलं. मधली जागा तशीच कोरी आहे. ती भरता येणार नाही. त्याखाली मात्र अजून चार-पाच सालं सहज मावतील.

घरी एखादं जुनं घड्याळ कपाटात पडलं असेल तर या सुट्टीत गावी गेल्यावर एवढं करा. जाणत्या घड्याळजीकडून ते उघडून घ्या आणि झाकणाच्या आतली बाजू बघायला मागा.